पुरा पगार

पोपट कोळेकरने विनिताच्या कानाखाली वाजवली तेव्हा अख्खी पहिली पाळी गेटवर उभी होती, आणि एकही माणूस जागचा हलला नाही.

फटका इतका जोरात बसला की रिंग ओढली जाऊन कानाची पाळी फाटली. रक्त मानेवरून ओढणीत उतरलं. विनिता पडली नाही. गेटचा गज धरून उभी राहिली आणि तेच परत म्हणाली, "कार्डं द्या, पोपटशेठ. ज्याची त्याला द्यायचीत. मॅडमनी सांगितलंय."

"मॅडमनी?" पोपट हसला. "तुला इथे कामाला कोणी लावलं गं? मॅडमनी? तुझा नवरा गेला तेव्हा शीळफाट्यावर भाजी घेऊन बसलेलीस तू. मी आणलेलं तुला इकडे. विसरलीस?"

"नाही विसरले. कार्डं द्या."

त्याने पुन्हा हात उचलला. त्याच्या मागे बंटी उभा होता. तिशीच्या आतला, जिममध्ये अंग कमावलेला, पोपटची सगळी वसुली करणारा. पूर्वी तो ह्याच शॉपमध्ये मशीन चालवायचा. तो पोपटच्या कानाशी वाकून म्हणाला, "शेठ, मॅडम आली."

हेमांगी आठल्ये ऑफिसातून धावत येत होती. मोबाइल समोर धरून सगळं रेकॉर्ड करत होती. पोपटने खिशातून बँकेच्या कार्डांचा रबरबँड लावलेला गठ्ठा काढला आणि रबर तोडून गेटबाहेरच्या गटारात उधळून दिला.

"घ्या. पुरा पगार देताय ना? द्या. बघतो किती दिवस देताय ते."

त्याची जीप वळली, दिसेनाशी झाली, आणि तेव्हा कुठे पहिली पाळी हलली. माणसं गटारात कोपरापर्यंत हात घालून आपापलं कार्ड शोधायला लागली.

डोंबिवली एमआयडीसीतलं ते प्रेसचं शॉप हेमांगीच्या वडिलांनी, प्रभाकर आठल्यांनी, उभं केलेलं. पत्र्याची पट्टी मशीनखाली सरकवायची, पायाने पेडल दाबायचं, वरून घाव बसतो आणि फ्रिजच्या दाराची बिजागरी कापून, वाकून बाहेर पडते. दिवसभर हेच. माणसं पुरवायचा पोपट. सरकारने ठरवलेलं किमान वेतन कंपनी दर महिन्याला कामगारांच्या खात्यात टाकायची, कागदोपत्री सगळं चोख. पण कार्डं पोपटकडे. पगार झाला की बंटी एटीएमवर जाऊन सगळ्यांचे पैसे काढायचा आणि माणसाच्या हातात जेमतेम निम्मे ठेवायचा. बाकीचे पोपटचे. त्यातला काही वाटा, पोपटने आपलं बिल कमी लावल्याने, शॉपमालकांकडेही परत जायचा. आजूबाजूच्या बहुतेक शॉपमध्ये हीच पद्धत होती.

प्रभाकर आठल्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं आणि शॉप हेमांगीकडे आलं. ती ठाण्यात एका बँकेत छोट्या कारखान्यांची कर्जं बघायची. आल्या आल्या तिने एकच प्रश्न धरून ठेवला. आपले साचे इतके का फुटतात?

उत्तर विनिताने दिलं. ती शॉपची सुपरवायझर होती. "माणूस टिकत नाही, मॅडम. दोन महिने काम करतो, हाताला थोडं वळण लागतं, तेवढ्यात कोण शंभर रुपये जास्त देतो म्हणून निघून जातो. मग नवीन येतो. तो पट्टी वाकडी घालतो. साचा जातो, नाहीतर बोट जातं."

बाळकुमच्या टॉवरमधल्या घरी त्यावरून बापलेकीचं कडाक्याचं भांडण झालं.

"हेमू, तू एकटीने पुरा पगार दिलास तर शेजारचे सगळे आपल्यावर उठतील," प्रभाकर म्हणाले. "शिवाय तो पोपट. त्या माणसाला तू ओळखत नाहीस. मी त्याला वीस वर्षं सांभाळून घेतलं ते काही हौसेने नव्हे."

"बाबा, पगार आपण आत्ताही पुराच देतोय. तो फक्त कामगाराला मिळत नाही. म्हणजे पैसे जातात आणि काम येत नाही. हा कुठला धंदा?"

"आणि बिलातून जे परत येतं ते?"

"ते नको मला. मला नग हवेत."

तिने पोपटचं कंत्राट मोडलं आणि माणसं थेट कंपनीत घेतली. गेटवर कार्डं उधळली गेली ती त्यानंतरच. ती काही देवमाणूस नव्हती. पुरा पगार हातात ठेवताना तिने टार्गेटही वाढवलं. ते ऐकून काही जण दुसऱ्याच दिवशी सोडून गेले. बाकीचे राहिले, आणि राहिले ते टिकले. त्र्यंबक नावाचा जुना ऑपरेटर होता. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं पूर्वी चार नंबरच्या मशीनवर गेलेली आणि पोपटने त्याला एक रुपया भरपाई दिली नव्हती. नव्या माणसाला पट्टी कशी धरायची हे तो कधी शिकवत नसे. शिकवून काय करायचं, तो जाणारच. आता तो शिकवायला लागला. त्याची बायको लक्ष्मी तिथेच पॅकिंगला होती. ती सांगायची, "आमचे हे घरी येऊन पण मशीनच्याच गोष्टी करतात. आधी नुसते पडून राहायचे."

दिवाळीच्या सुमाराला तयार मालाचे क्रेट ठेवायला शॉपमध्ये जागा उरेना. पुण्याच्या फ्रिज कंपनीकडून नापास होऊन माल परत यायचा बंद झाला. हेमांगीने नव्या मशीनची ऑर्डर दिली. हात मध्ये असला की आपोआप थांबणारं मशीन. ते आलं की सगळ्यात जुनं, पेडलवालं चार नंबर भंगारात काढायचं ठरलं.

ही बातमी शेजारच्या शॉपमध्ये पोचायला वेळ लागला नाही. तिथली माणसं सुट्टी झाली की आठल्यांच्या गेटवर येऊन विचारायची, जागा आहे का? जागा नसली तरी परत जाऊन आपल्या मालकाला विचारायची, मग आमचं कार्ड आमच्याकडे का नाही? एका शॉपमध्ये माणसांनी मशीनं बंद ठेवून कार्डं परत मिळवली. दुसऱ्याने पोपटलाच बोलावून सांगितलं, तू तुझी माणसं आवर, नाहीतर मीपण थेट घेतो.

पोपटने आवरायला सुरुवात केली. आधी आठल्यांच्या शॉपच्या काचा फुटल्या. मग पुण्याला जाणाऱ्या ट्रकचे टायर कापले गेले. मग शेजारच्या शॉपमधल्या, कार्डं मागण्यात पुढे असलेल्या सूरज नावाच्या माणसाला भरदुपारी चहाच्या टपरीवरून ओढून नेलं आणि त्याचा गुडघा फोडला. तो लंगडत परत आला, पण त्याला कोणी मारलं हे त्याने पोलिसांना सांगितलं नाही.

विनिताने सांगितलं. कानाच्या फाटलेल्या पाळीला टाके घालून घेतल्यावर पहिल्याच दिवशी ती पोलीस ठाण्यात गेली होती. सूरजनंतर पुन्हा गेली. दोन्ही वेळा तक्रार लिहून घेतली गेली आणि पोपटला एकदा बोलावून चहा पाजून सोडण्यात आलं.

"ताई, तुम्ही आता जरा गप्प बसा," लक्ष्मी तिला म्हणाली. "तुमची पोरगी शाळेत जाते."

"गप्प बसले तर सोडेल तो?"

"नाही सोडणार," लक्ष्मीने कबूल केलं. "पण मला भीती वाटते ओ."

विनिता डायघरला राहायची. त्या बाजूच्या कामगारांना आणायला हेमांगीने एक टेम्पो लावला होता. लक्ष्मीची आई आजारी असल्याने त्या आठवड्यात ती माहेरी, शिळेला होती. त्यामुळे तीही सकाळी त्याच टेम्पोत चढायची. त्र्यंबक मानपाड्याच्या घरून परस्पर कामावर जायचा.

त्या सकाळी टेम्पो काटई नाक्याच्या अलीकडे आला आणि समोरून जीप आडवी झाली. मागून तीन मोटरसायकली. ड्रायव्हर उडी मारून पळाला. रस्त्यावर गाड्या होत्या, माणसं होती, सगळ्यांनी बघून वेग वाढवला.

टेम्पोचं मागचं फाळकं खाली पडलं आणि हॉकी स्टिक, लोखंडी सळया घेतलेली माणसं वर चढली. काहीच बोलली नाहीत. पहिली सळई फाळक्याजवळ बसलेल्या माणसाच्या खांद्यावर बसली, तो ओरडायच्या आत दुसरी त्याच्या तोंडावर. दात फळीवर पडले. आत माणसं एकमेकांवर कोसळली. टेम्पोत पळायला जागा नव्हती आणि मारणाऱ्यांना हात मागे न्यायलाही जागा नव्हती, म्हणून ते सळया टोकाने खुपसायला लागले. बरगड्यांत, पोटात, मांडीत.

"विनिता कुठाय?" जीपमधून पोपटचा आवाज आला. "त्या बाईला काढा बाहेर!"

विनिता केबिनच्या काचेला पाठ लावून उभी होती. लक्ष्मी तिच्या पुढे होती. तिला पुढे व्हायचं नव्हतं. गर्दीच्या रेट्याने ती तिथे ढकलली गेली होती. बंटी तिच्यासमोर आला. लक्ष्मीने दोन्ही हात वर केले आणि म्हणाली, "बंटी, अरे मी आहे, लक्ष्मीवहिनी." तो क्षणभर थांबलाही. पण त्याच्या बाजूच्या माणसाने हॉकी स्टिक फिरवली, लक्ष्मीने तोंड वळवलं, आणि फटका तिच्या डोक्याच्या मागच्या बाजूला बसला. नारळ फुटल्यासारखा आवाज झाला. ती खाली बसली. बसल्यासारखी बसली आणि मग कलंडली.

विनिताच्या पायाशी टेम्पोचा जॅक आणि त्याचा दांडा होता. तिने दांडा उचलून हॉकी स्टिकवाल्याच्या नडगीवर घातला. हाड मोडल्याचं तिला हातात कळलं. तो बोंबलत बाजूच्या कठड्यावरून खाली पडला. बंटी तिच्या अंगावर धावला, तिने दांडा त्याच्या पोटात खुपसला, तो वाकला, आणि वाकलेल्या बंटीवर मागून दोन बायका आणि एक पुरुष पडले. इतका वेळ मार खाणारी माणसं एकदम उलटली. डबे, बाटल्या, मुठी, दात, जे होतं ते घेऊन. मारणारे फाळक्यावरून मागे ढकलले गेले. पोपटची जीप वळली. मोटरसायकली तिच्यामागे सुटल्या. बंटी टेम्पोतच राहिला, तीन माणसांच्या खाली.

एका रिक्षावाल्याने गाडी थांबवली. लक्ष्मीला त्यात घातलं, भावना नावाची पॅकिंगमधलीच मुलगी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. रिक्षा हॉस्पिटलच्या दिशेने गेली. लक्ष्मीचे डोळे उघडे होते, पण ती कोणाकडे बघत नव्हती.

"ह्याला कुठे न्यायचं?" बंटीच्या छातीवर बसलेल्या माणसाने विचारलं.

"पोलिसांकडे," विनिता म्हणाली.

"कुठल्या पोलिसांकडे? चहा पाजतात त्या?"

कोणीतरी स्टिअरिंगवर बसलं आणि टेम्पो शॉपकडे वळला. विनिताने हेमांगीला फोन लावला. ती शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकली होती. "त्याला ऑफिसात बंद करून ठेव," हेमांगी म्हणाली.  "मी पोलीस घेऊनच येते. विनिता, कोणी त्याला हात लावता कामा नये. कळलं?"

टेम्पो आत आला तेव्हा मशीनं सुरू होती. त्र्यंबक चार नंबरवर साचा बसवून मशीन चालू करत होता. त्याने रक्ताने माखलेली माणसं उतरताना पाहिली आणि लक्ष्मीला शोधलं. ती उतरली नाही.

"कुठाय?" त्याने विचारलं.

"हॉस्पिटलमध्ये नेलंय, दादा," विनिता म्हणाली. "डोक्याला लागलंय. भावना आहे सोबत."

"बोलत होती?"

 तेवढ्यात भावनाचा फोन आला. विनिताने तो घेतला. डॉक्टर म्हणाले होते, डोक्यात रक्त साकळलंय, लगेच ऑपरेशन करावं लागेल, घरच्या माणसाला बोलवा, काही सांगता येत नाही. तिने ते जसंच्या तसं सांगितलं. "दादा, तुम्ही निघा. बाहेर रिक्षा आहे."

त्र्यंबक निघाला नाही. तो टेम्पोपाशी गेला, बंटीची कॉलर धरली आणि त्याला फरफटत आत आणलं. कोणी अडवलं नाही. उलट दोघांनी बंटीचे पाय उचलले.

"दादा, मी नाही मारलं वहिनीला," बंटी ओरडत होता. "आईशप्पथ, मी नाही मारलं. मी थांबलेलो. विचारा ना ताईला!"

"तू नाही मारलंस," त्र्यंबक शांतपणे म्हणाला. "माझी बोटं पण तू नाही खाल्लीस. पैसे फक्त काढून नेलेस दर महिन्याला." त्याने बंटीचा उजवा हात पिरगाळला आणि चार नंबरच्या साच्यावर दाबून धरला. दुसऱ्या माणसाने मनगटावर आपला सगळा भार टाकला. "ह्याच हाताने काढायचास ना?"

विनिता धावली. मध्ये माणसं होती. त्यांनी तिला वाट दिली नाही. तिच्या ओळखीची, तिने कामाला लावलेली, रोज तिच्याबरोबर डबा खाणारी माणसं. एकाने तर तिला कोपराने मागे ढकललं. "तुम्ही ऑफिसात जा, ताई. तुम्ही काही बघितलं नाही."

ती भिंतीकडे पळाली आणि मेन स्विच पाडला. शॉपमधली सगळी मशीनं एकदम बसली. दिवे गेले. छपराच्या काचांतून येणाऱ्या उजेडात बंटीचा किंचाळणारा चेहरा दिसत होता. पण चार नंबरचं जड चाक फिरतच होतं. करंट गेला तरी ते चाक लगेच थांबत नाही, त्याच्यात एक घाव शिल्लक असतो, आणि हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्र्यंबकचा पाय पेडलकडे गेला.

साच्याच्या उंचीला टेकू द्यायचे लोखंडी ठोकळे बाकावर पडलेले असत. विनिताने त्यातला एक दोन्ही हातांनी उचलला, खाली बसून माणसांच्या पायांमधून घुसली आणि बंटीच्या पंज्याशेजारी साच्यावर ठोकळा सरकवला. तिची बोटं बाहेर आली न आली तोच घाव पडला.

अख्खं मशीन हादरलं. ठोकळ्यावर आदळून वरचा भाग अर्ध्यातच अडकला, आत काहीतरी तुटलं आणि चाक करकरत थांबलं. ठोकळ्याची एक ढलपी उडून विनिताच्या गालात, डोळ्याच्या खाली बोटभर, घुसली. तिला वाटलं कोणीतरी जळती काडी टेकवली. बंटीचा हात मशीनमध्ये होता, पण शाबूत होता. वरचं लोखंड त्याच्या बोटांच्या जेमतेम वर थांबलं होतं. त्याने हात ओढून घेतला आणि तो पुन:पुन्हा उघडमीट करून बघत राहिला.

त्र्यंबकने अडकलेल्या मशीनकडे पाहिलं. मग त्याने बाजूची सळई उचलली आणि बंटीला मारायला सुरुवात केली. पहिला फटका पाठीत. दुसरा बरगडीत. बंटी जमिनीवर गोल झाला. त्र्यंबक प्रत्येक फटक्याला नुसता श्वास टाकत होता. तिसऱ्या फटक्यासाठी सळई बंटीच्या डोक्याच्या रोखाने वर गेली.

"दादा! बस!"

त्याने ऐकलं नाही. विनिताच्या हाताला साचा आवळायचा लांब पाना लागला. तिने तो त्र्यंबकच्या उजव्या मनगटावर मारला. हळू मारावा, नुसती सळई पाडावी, असं काही तिच्या मनात आलं नाही. तिने जीव खाऊन मारला. सळई खणखणत पडली. त्र्यंबकचं मनगट भलत्याच बाजूला लोंबायला लागलं. तो तिच्याकडे बघत राहिला. एका हाताला तीन बोटं, दुसरा हात मोडलेला.

"तू?" तो म्हणाला. "मला?"

पोलीस आले तेव्हा विनिता मशीनला टेकून बसली होती आणि गालातलं रक्त हनुवटीवरून टपटप पडत होतं. तिने ते पुसलंही नव्हतं.

जबाब द्यायच्या आधी हेमांगीने तिला बाजूला घेतलं. "टेम्पोतल्या मारामारीतच बंटीला लागलं, असं सगळे सांगतायत. त्र्यंबकचं मनगटही तसंच. तूही तेच सांग. पोपट अडकायला हवा, आपला माणूस नको. त्याची बायको तिकडे ऑपरेशनच्या टेबलावर आहे गं."

"माहीत आहे मला."

"मग?"

"मॅडम, मी तो हात साच्यावर ठेवलेला बघितला. माझ्या शेजारी उभ्या राहणाऱ्या माणसांनी ठेवला. ते मी बघितलं नाही असं कसं सांगू? उद्या मी त्याच माणसांना सांगणार, हात सांभाळा म्हणून."

तिने सगळं सांगितलं. पोपटची जीप, लक्ष्मीला लागलेला फटका, हॉकी स्टिकवाल्याची नडगी, चार नंबर, पेडलवरचा पाय. आणि पाना आपणच मारला हेही. हवालदाराने मध्येच पेन थांबवून विचारलं, "बाई, हे पण लिहू?" ती म्हणाली, "लिहा."

लक्ष्मी वाचली. डाव्या बाजूचे हात-पाय मात्र लुळे पडले आणि बोलताना जीभ अडखळायला लागली. त्र्यंबकला अटक झाली. जामीन व्हायला तीन आठवडे लागले. तेवढे दिवस हॉस्पिटलमध्ये लक्ष्मीजवळ आळीपाळीने शॉपमधल्या बायका बसायच्या. विनिता पहिल्या दिवशी गेली तेव्हा भावनाने तिला दारातूनच परत पाठवलं.

पोपटलाही अटक झाली, कारण बंटीने हॉस्पिटलमध्ये पडल्या पडल्या सगळं सांगून टाकलं. कोणाची कार्डं कुठे आहेत, सूरजचा गुडघा कोणी फोडला, जीपमध्ये कोण कोण होतं. त्याने असं का केलं हे कोणाला कळलं नाही. पोपट त्याला एकदाही बघायला आला नाही म्हणून असेल, किंवा अजूनही तो हात उघडमीट करून बघत असेल म्हणून. पोपट काही महिन्यांनी सुटून आला, पण तोपर्यंत त्याची माणसं दुसऱ्यांकडे गेली होती आणि बऱ्याच शॉपनी थेट भरती सुरू केली होती.

सगळीकडे भलंच झालं असंही नाही. एका मालकाने पुरा पगार परवडत नाही म्हणत शॉप बंद करून गुजरातला हलवलं. दुसऱ्याने आपोआप चालणारी मशीनं आणली आणि अर्धी माणसं काढली. आठल्यांकडे नवं मशीन आलं. ते दोन माणसांचं काम करायचं. हेमांगीने कोणाला काढलं नाही, पण नवीन कोणाला घेतलंही नाही. काम मागायला येणाऱ्यांना नाही म्हणायचं काम विनिताकडे आलं. नग वाढत होते, मालाला मागणी होती, पगार वेळेवर होत होता. प्रभाकर आठल्ये एकदा शॉपमध्ये येऊन सगळं फिरून बघून गेले आणि लेकीला म्हणाले, "तुझं गणित बरोबर निघालं, हेमू. फक्त उत्तर फार महाग पडलं." 

विनिता जेवायच्या सुट्टीत एकटी बसायची. माणसं तिचं ऐकायची, कामात कसूर करायची नाहीत, पण डबा उघडला की तिच्याकडे पाठ करायची. गालावरची जखम भरली, तिथे आता चामडी ओढल्यासारखी दिसायची.

एका रविवारी ती मानपाड्याला त्र्यंबकच्या घरी गेली. दार त्याने उघडलं. मनगट जुळलं होतं, पण वाकडं. त्याने तिला आत ये म्हटलं नाही आणि दारही लावलं नाही. आत लक्ष्मी भिंतीला टेकून बसली होती. विनिताला बघून तिचा उजवा हात हलला.

"ता...ताई. काम... कधी?"

"तू म्हणशील तेव्हा," विनिता म्हणाली. "बिजागऱ्या तपासायच्या. बसून करायचं काम आहे, एका हाताने होतं. मॅडमशी बोलून झालंय. पगार पुरा."

खरं म्हणजे त्या कामासाठी जागाच नव्हती. विनिताने हेमांगीच्या टेबलासमोर दोन दिवस भांडून ती तयार करवून घेतली होती. एका हाताने काम निम्मंच होईल, असं हेमांगी म्हणाली होती. होईल, असं विनिताही म्हणाली होती.

त्र्यंबक अजून दारातच होता. "कोर्टात पण हेच सांगणार का तू?" त्याने विचारलं. "पेडलचं?"

"हो."

"आणि पान्याचं?"

"ते पण. वकील म्हणतोय ते सांगू नकोस, तुझ्यावरच उलटेल. मी सांगणार."

 त्र्यंबक आत वळून स्टोव्हकडे गेला. भांडं त्याने डाव्या हाताच्या तीन बोटांत धरलं, आणि वाकड्या मनगटाने पाणी ओतताना निम्मं ओट्यावर सांडलं. विनिता आत येऊन भांडं घ्यायला पुढे झाली तसा तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "बस. मी करतो."

ती बसली. लक्ष्मीने पदराने तोंडाचा कोपरा पुसला आणि विनिताच्या गालाकडे बोट करून विचारलं, "दु...दुखतं?"

"थंडीत दुखतं जरा," विनिता म्हणाली.